‘लॅब टेस्टेड’ पॉवर केबलचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न : मी जुना ऑडिओफाइल, म्हणजे उत्तम आवाजाचा शौकीन. पुण्यातल्या एका दुकानातून अॅम्प्लिफायरसाठी 1,42,000 रुपयांची आयात केलेली पॉवर केबल घेतली. जाहिरातीत ‘लॅब टेस्टेड, विजेतला नॉइज 40 टक्क्यांनी कमी’ असं होतं. मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. दुकानदार म्हणाला, 300 तास बर्न-इन होऊ द्या, म्हणजे वापरून केबल रुळू द्या. तोवर परतीची 7 दिवसांची मुदत संपली. बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. काय करता येईल?

उत्तर : तक्रार जरूर करा, पण ‘मला फरक ऐकू आला नाही’ यावर ती उभी करू नका. समोरचा वकील तुमच्या खोलीवर येईल, स्पीकरवर येईल, शेवटी वयावरही येईल. ‘आवाजाला ऊब येते’, ‘गायक समोर बसल्यासारखा वाटतो’ ही विक्रेत्याची स्वतःच्या मालाची स्तुती झाली. तिच्या वाटेला कायदा फारसा जात नाही. ‘लॅब टेस्टेड’ आणि ‘40 टक्के’ हे मात्र तपासता येणारे दावे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47) प्रमाणे योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या कामगिरीची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चाचणी केली होती असा बचाव कुणी घेतलाच, तर ते सिद्ध करणं त्याच्याच गळ्यात येतं. म्हणून दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत पहिली मागणी हीच करा : कोणती प्रयोगशाळा, कोणती तारीख, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर मोजलं आणि 40 टक्के कशाच्या तुलनेत?

अमेरिकेत 2022 साली मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण गाजलं. निव्वळ अॅनालॉग समजून लोकांनी महागड्या रेकॉर्ड घेतल्या आणि मधे डिजिटल टप्पा असल्याचं नंतर उघड झालं. तोवर त्याच रेकॉर्डच्या आवाजाची वाहवा कानसेनांनीच केली होती! तरीही आवाजावरून नव्हे, तर ‘निव्वळ अॅनालॉग’ या समजुतीवरून खटले दाखल झाले, आणि तडजोडीत रेकॉर्ड परत देऊन पूर्ण पैसे घेण्याचा पर्याय ग्राहकांना मिळाला.

आता ते 300 तास. केबल दिवसरात्र जोडून ठेवली तरी साडेबारा दिवस होतात, आणि मुदत 7 दिवसांची. हा सल्ला व्हॉट्सअॅपवर आला असेल तर तो मेसेज अजिबात पुसू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉटही पत्ता आणि तारीख दिसेल असे आजच काढून ठेवा. नोटीस पोचली की असली पानं गायब होतात. खाली बारीक अक्षरात ‘परिणाम वेगळे असू शकतात’ असं असलं तरी घाबरू नका. 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तळटीप मूळ दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही.

मला खरी काळजी वाटते ती बिलाची. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. केबल तुमच्या दिवाणखान्यात आहे हे दाखवता येईल. पण फर्मने त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर एकीकडे धंद्याचा खर्च आणि दुसरीकडे घरगुती वापर, हे दोन्ही एकदम सांगता येणार नाही. तक्रारीआधी सीएंशी बोला.

तुम्ही पुण्यात राहत असाल तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालेल. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. दुकानदाराबरोबर आयातदारालाही सामनेवाला करा, त्याचं नाव-पत्ता खोक्यावरच्या लेबलवर असतो. आयोगाने केबल तपासणीला पाठवायची ठरवली तर प्रयोगशाळेचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही लिहा. ते जाहिरात थांबवू शकतं, 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. मात्र तुमचे पैसे तिथून येणार नाहीत.

आणि केबल कापून आत काय आहे ते बघायचा मोह आवरा. ती पुरावा आहे. मूळ खोक्यात घालून लेबलासकट ठेवून द्या.