घरून काम कायमचं घेतोयस? मग आधी खुर्ची घे

मार्च 2020 पासून मी इंदूरला, रामबागेतल्या घरातूनच काम करतेय, म्हणून सांगते. पुण्या-बंगळुरूचं घरभाडं वाचतं, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, हे खरंच. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं हे, की बाबांच्या आजारपणात मी शेजारच्या खोलीत होते. पगारवाढीने ते मिळालं नसतं.

आता खुर्चीचं. तिथे पैसे वाचवू नकोस. मी दोन वर्षं जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीत काढली आणि कंबर कायमची धरली. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, पाय जमिनीला टेकलेले हवेत. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेव आणि कीबोर्ड वेगळा घे, एवढ्यानेही मानेला आराम पडतो. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांवरचं काहीतरी बघ. मी समोरच्या गच्चीवरची तुळस बघते.

क्लायंट अमेरिकेतला असेल तर कामाची वेळ आत्ताच ठरवून घे. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे, म्हणजे त्यांची सकाळ आणि आपलं रात्रीचं जेवण एकाच वेळी. बढतीचंही बघ. रोज समोर न दिसणाऱ्याचं काम वरिष्ठांच्या लक्षात राहत नाही, माझी एक बढती अशीच गेली. दर शुक्रवारी केलेल्या कामाची चार ओळींची मेल त्यांना पाठवत जा.

आणि सकाळी पोहे-जलेबी घरी मागवू नकोस रे, स्वतः खाली उतर. कित्येकदा दिवसभरात घराबाहेरच्या माणसाशी होणारं तेवढंच बोलणं असतं.