चष्म्यानं नंबर वाढतो का हो?

प्रश्न: डॉक्टर साहेब, माझं लेकरू लातूरला नीटच्या क्लासला आहे, नंबर वाढतच चाललाय. सासूबाई म्हणतात चष्म्यानंच डोळे बिघडायलेत, काढून ठेव अन् गाजर खाऊ घाल. डोळ्यांच्या व्यायामानं नंबर जाईल का? – एक आई, परभणी

उत्तर: ताई, चष्म्याचा काही दोष नाही, डोळ्याचा गोळाच मागच्या बाजूला लांबायलाय. मोठ्या माणसाचा गोळा साधारण 24 मिलिमीटर असतो, तो 1 मिलिमीटर जरी जास्त लांबला तरी अडीच-तीनचा नंबर लागतो, कारण लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडंच तयार होतं. आता लांबलेला गोळा व्यायामानं आखूड कसा व्हावा? गाजर खाऊ द्या खुशाल, त्यातल्या अ जीवनसत्त्वानं रातांधळेपणा टळतो, नंबर नाही.

घरात धाकटं कुणी असेल तर मात्र त्याला रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळू द्या, त्यानं नंबर लागायची शक्यता खरंच कमी होते (आपल्याकडं मे महिन्यात सकाळ-संध्याकाळच हं). मोठ्याला चष्मा पूर्ण नंबरचाच द्या, कमी नंबरच्या काचेनं वाढ थांबत नाही. फारच भराभर वाढत असेल तर अ‍ॅट्रोपिनचे कमी ताकदीचे थेंब असतात, पण ते तपासून डॉक्टरनंच द्यायचे, मेडिकलवरून परस्पर आणू नका.