खुरटलेल्या सफरचंदाची छाटणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : निफाड तालुक्यात दोन वर्षांपूर्वी ‘एचआरएमएन-९९’ या कमी थंडीतही येणाऱ्या सफरचंदाच्या जातीची कलमे लावली, ती अजून कमरेएवढीही झालेली नाहीत. अशा अशक्त झाडांची छाटणी केल्यास ती आणखी खचणार नाहीत का?

उत्तर : याच भीतीपोटी खुरटलेल्या झाडांना वर्षानुवर्षे कात्री लागत नाही. प्रत्यक्षात मुळे निरोगी असतील, तर विश्रांतीच्या काळात केलेल्या कडक छाटणीनेच अशा झाडांना जोमदार फूट येते, कारण मुळांत आणि खोडात साठलेले मोजके अन्न थोड्याच डोळ्यांच्या (फांदीवरील कळ्यांच्या) वाट्याला येते. निफाडची थंडी नावाजलेली असली तरी आपल्याकडे सफरचंदाची पानगळ आपोआप पुरी होत नाही. म्हणून डिसेंबरअखेर राहिलेली पाने हाताने काढून त्याच सुमारास छाटणी करावी. मधला शेंडा आणि चहूबाजूंना विखुरलेल्या तीन-चार फांद्या राखून प्रत्येक फांदीवर गेल्या हंगामातील वाढीचे तीन-चार डोळेच ठेवावेत. शेवटचा डोळा बाहेरच्या अंगाचा असावा आणि काप त्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूस उतरता घ्यावा. लांब ठुणका राहिला तर तो वाळतो आणि मर खाली सरकू लागते.

कात्री उचलण्यापूर्वी मात्र बुंध्याजवळची माती बोटांनी उकरून कलमाचा सांधा पाहावा. तो गाडला गेला असेल तर मोकळा करावा आणि त्याच्या खालून आलेली खुंटाची (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधले त्याची) फूट मुळापासून काढावी. ही जात लहानपणीच फुलते; फुलांचा मोह टाळून यंदा ती सर्व खुडून टाकावीत.

प्रश्न : जमीन भारी काळी आहे. पावसाळ्यानंतर पाने पिवळी पडून वाढ थांबली. आता छाटू का?

उत्तर : तूर्त नको. पाणी साचून मुळे गुदमरली असतील, तर छाटणीनंतरच्या फुटीला पोसणार कोण? आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी, वाफसा आल्यावरच ठिबक सुरू करावे आणि बुंध्याची साल तपकिरी, मऊ झाली आहे का ते तपासावे. नवी पांढरी मुळे दिसू लागल्यावर छाटणीचा विचार करावा. फक्त कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीमुळे लोहाची कमतरता असण्याचा संभव अधिक.

प्रश्न : इंग्लंडमध्ये घरामागच्या हिरवळीत एम-९ या झाड बुटके ठेवणाऱ्या खुंटावरचे सफरचंदाचे झाड आहे. तीन वर्षांत फूट वीतभरही वाढली नाही, फळे मात्र लागतात.

उत्तर : सांगाडा तयार होण्याआधीच झाड फळांना लागले आहे. एम-९ची मुळे दुबळी असतात आणि गवत त्यांच्या तोंडचे पाणी व नत्र पळवते. म्हणून बुंध्याभोवती मीटरभर व्यासाचे आळे गवतमुक्त करून, खोडाला न टेकेल असे आच्छादन घालावे. या खुंटाला आधाराची काठी कायमची लागते. दोन वर्षे फळे बारीक असतानाच काढावीत. छाटणी पानगळीनंतर, कळ्या फुगण्यापूर्वी करावी. उन्हाळ्यातील छाटणीने पाने जातात आणि वाढीला लगामच बसतो.

प्रश्न : कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी का?

उत्तर : पेन्सिलीएवढ्या फांद्यांना गरज नाही. अंगठ्याहून जाड काप असल्यास त्याच दिवशी लावावी आणि रोगट झाड छाटल्यानंतर कात्री निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जाऊ नये.