वाचकांचे प्रश्न : पित्ताशय काढल्यानंतरचे पचन

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. वैद्यकीय अहवालांतील वैयक्तिक तपशील वगळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : पित्ताशयातील खड्यांमुळे मला दोनदा असह्य पोटदुखी झाली आणि डॉक्टरांनी पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला. पण ते काढल्यावर पित्त तयार कुठे होणार, आणि अन्न पचणार कसे?

उत्तर : पित्त पित्ताशयात तयार होत नाही. ते यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि शस्त्रक्रियेनंतरही ते तसेच तयार होत राहते. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूस असलेली, 7 ते 10 सेंटिमीटर लांबीची एक पिशवी आहे आणि तिच्यात जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर द्रव मावतो. इतक्या लहान पिशवीचा उपयोग होतो, कारण तिचे अस्तर पित्तातील पाणी आणि मिठासारखे साधे क्षार सतत शोषून घेत असते. यकृतातून निघताना पातळ आणि सोनेरी-पिवळे असलेले पित्त येथे पाच ते दहा पट दाट होते आणि त्याचा रंग गडद हिरवट होतो.

आपण जेवतो तेव्हा अन्नातील स्निग्ध पदार्थ जठरातून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरतात. त्यांचा स्पर्श होताच तेथील अस्तरातील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू सैल होतो आणि साठवलेले दाट पित्त आतड्यात येते. पित्तातील खास क्षारांच्या, म्हणजे पित्तक्षारांच्या, रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेणारी आणि दुसरी स्निग्धाला चिकटणारी असते. त्यामुळे ते तेलाच्या मोठ्या थेंबाभोवती बसून त्याचे असंख्य बारीक थेंब करतात आणि ते थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. प्रत्यक्ष पचवण्याचे काम स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर करते, पण त्याला थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करता येत असल्यामुळे थेंब जितके बारीक तितके पचन सुकर. पचलेली मेदाम्ले आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचवण्याचे कामही हे क्षारच करतात.

म्हणजे पित्ताशय काढल्यावर जाते ते पित्त नव्हे, तर त्याची साठवण आणि वेळ साधण्याची सोय. पित्त यकृतातून थेट, थोडे थोडे करून आतड्यात उतरू लागते. ते पातळ असते, जेवणाच्या वेळी एकदम मोठ्या प्रमाणात येत नाही, तरीही सर्वसाधारण जेवणातील स्निग्ध पदार्थ पचवायला पुरते. घोड्याला तर जन्मतःच पित्ताशय नसते, आणि त्याचे काही अडत नाही.

प्रश्न : मूत्रखड्यांप्रमाणे पित्ताशयातील खडे फोडून किंवा औषधाने विरघळवून अवयव वाचवता येणार नाही का?

उत्तर : हा विचार जुना आहे. 1867 मध्ये जॉन बॉब्ज या अमेरिकी शल्यचिकित्सकाने पित्ताशय उघडून खडे काढले होते. पुढे 1882 मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी प्रथमच संपूर्ण पित्ताशय काढले. खडे तयार करणारी पिशवीच राहिली तर खडे पुन्हा होणार, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते पुढच्या अनुभवाने खरे ठरले. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी लहान, कॅल्शियम नसलेले कोलेस्टेरॉलचे खडे काही रुग्णांत विरघळतात, पण त्याला अनेक महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर खडे पुन्हा होण्याचे प्रमाण मोठे आहे. फोडलेल्या मूत्रखड्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात. पित्ताशयातील तुकड्यांना मात्र अरुंद पित्तनलिकेतून जावे लागते, आणि एखादा तुकडा तेथे अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्यांचा काहीही त्रास नसेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते, हेही येथे सांगायला हवे. पहिल्या पत्रलेखकांना त्रास झालेला आहे, त्यामुळे त्यांचे प्रकरण वेगळे.

प्रश्न : शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. तेव्हापासून मी तेल-तुपाचा थेंबही घेत नाही, तरी जेवल्यावर लगेच पातळ शौचास जावे लागते. आता आयुष्यभर असेच का?

उत्तर : स्निग्ध पदार्थ आयुष्यभर पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नाही. सुरुवातीचे काही आठवडे एकाच वेळी खूप तळलेले खाऊ नये आणि मोठ्या दोन जेवणांऐवजी लहान लहान जेवणे घ्यावीत, इतके बहुतेकांना पुरते. त्यानंतर आपल्याला काय सोसते ते पाहत नेहमीच्या आहाराकडे हळूहळू परतावे. स्निग्धाचा थेंबही न घेण्याने स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे शोषली जाण्यात अडथळा येतो, शिवाय जेवणाचे समाधानही जाते.

आपल्या जुलाबांचे कारण बहुधा वेगळे असावे. एरवी पित्तक्षारांपैकी सुमारे 95 टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन रक्तावाटे यकृताकडे परत जातात आणि दिवसातून अनेकदा पुन्हा वापरले जातात. पित्ताशय नसताना हे चक्र अधिक वेळा फिरते, आणि काही जणांत शोषणाच्या क्षमतेपेक्षा जास्त क्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तेथे पाणी सुटते आणि जुलाब होतात. बऱ्याच रुग्णांत हा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होतो. तो टिकून राहिल्यास कोलेस्टायरामीनसारखे, पित्तक्षारांना आतड्यातच बांधून ठेवणारे औषध उपयोगी पडते, पण ते इतर औषधांचे शोषणही कमी करते, त्यामुळे कोणते औषध किती अंतराने घ्यायचे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आठ महिने हा काळ थोडा नाही. ‘पित्ताशय नाही, म्हणून असे होणारच’ असे समजून गप्प बसू नये. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा रात्री झोपेतून उठावे लागत असेल, तर तपासणी लगेच करावी.

प्रश्न : पित्ताशय काढल्यावरही छातीत जळजळ होते आणि आंबट ढेकर येतात. शस्त्रक्रिया फसली का?

उत्तर : ही लक्षणे सहसा जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्यामुळे होतात आणि पित्ताशय काढून ती जातील अशी अपेक्षाच चुकीची होती. त्यांच्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतील. मात्र बरगडीखाली उजव्या बाजूस किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी पूर्वीसारखी तीव्र कळ येणे, थंडी वाजून ताप येणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद आणि शौच फिकट मातकट होणे, यांपैकी काहीही आढळल्यास पित्तनलिकेत खडा असू शकतो. पित्ताशय गेले तरी नलिका शरीरातच असते आणि तिच्यात मागे राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा अडकू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बहुतेकदा तो खडा तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने, पोट न कापता काढता येतो.