जुनी गाडी उंच करताना: वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की पाटे (स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या), शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा झुलता दुवा) आणि टायरबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

माझी १९९९ ची जिप्सी आहे. बागेकडे जाणारी पाणंद जांभ्याची, मधले दगड वर आलेले. मागचा डिफरन्शियल घासतो. गॅरेजवाला म्हणतो, दोन इंच लांब शॅकल लावा. लावू का? सीझनला मागे पंधरा पेट्या असतात.
– आंबा बागायतदार, देवगड

नका लावू. शॅकलने तुमचं दुखणं जाणारच नाही. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा. तो हौसिंगवर (अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचावर) आहे आणि हौसिंग उभं आहे टायरवर. पाटे किंवा शॅकल बदलून चॅसिस, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि बंपर वर जातात, गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर घ्यायचा तर टायर मोठा हवा. जिप्सीचा मूळ २०५/७० आर १५ टायर ६६८ मिमी उंच असतो. २१५/७५ आर १५ घेतला तर ती उंची ७०३ मिमी होते, म्हणजे गोळा साधारण १८ मिमी वर जातो. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने पळत असेल, एवढंच लक्षात ठेवा. २३५/७५ ने ३३ मिमी मिळतात, पण मग गिअरिंग जड होतं, आंबोलीसारख्या घाटात दुसऱ्यावर चढणारी गाडी पहिला मागते आणि ब्रेकवरही ताण येतो. शेतीच्या गाडीला आम्ही ते सुचवणार नाही.

त्याआधी एक काम करा. सपाट फरशीवर गाडी उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांना मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. उजव्या-डाव्या बाजूंत १५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाटे दबून बसलेत. पंचवीस वर्षांच्या गाडीत निम्मी ‘लिफ्ट’ म्हणजे हरवलेली मूळ उंची परत मिळवणं असतं.

पाट्यांना पुन्हा कमान मारून घ्यावी का, हे पाट्यांच्या अंगावर ठरतं. वायर ब्रशने गंज काढा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर पाटेवाल्याकडे द्या, पण तापवून, पाणी देऊनच कमान मारायला सांगा. नुसती थंड ठोकून दिलेली कमान दोन पावसाळेही टिकत नाही. खाऱ्या वाऱ्याने पाट्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील तर तो पाटा भंगारात काढा, कारण चीर तिथूनच सुरू होते, बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या (पाट्यांचा गठ्ठा मधोमध धरणाऱ्या बोल्टच्या) भोकाजवळ.

नवे पाटे घेताना पुढे मूळ ताठरपणाचे, फार तर ४० ते ५० मिमी जास्त कमानीचे घ्या. मागे एक जास्तीचा पाटा घालायचा मोह होईल. तो घातला की रिकामी गाडी कातळावर उड्या मारते. त्याऐवजी तळाला एक सरळ, आखूड मदतनीस पाटा ठेवा. रिकाम्या गाडीत तो कमानीला टेकत नाही. पंधरा पेट्या म्हणजे सुमारे ३०० किलो, तेवढं ओझं आल्यावरच तो कामाला लागतो.

महिंद्राच्या एमएम ५४० जीपला पुढे ५० मिमी लांब शॅकल लावले. तेव्हापासून महामार्गावर गाडी भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. अलाइनमेंट दोनदा केली.
– वाचक, कणकवली

तुमच्या गाडीचा कास्टर गेलाय, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन. तोच स्टेअरिंग सरळ आणतो. अलाइनमेंटवाल्याने टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) लावला असेल, सलग अ‍ॅक्सलला कास्टर बोल्ट फिरवून लागत नाही. या गाडीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि हौसिंगचा माथा पुढे झुकतो. पाटा डोळा ते डोळा (एका टोकाच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत) ९०० मिमी धरला तर ५० मिमीला सुमारे ३ अंश जातात. एवढं घालवून मिळालेली उंची किती? ५० च्या निम्मी, २५ मिमी.

मूळ शॅकल परत लावा आणि उंची पाट्यांच्या कमानीतून घ्या, हे आमचं पहिलं मत. तसं करायचं नसेल तर पाटा आणि हौसिंगच्या बैठकीमध्ये २ किंवा ३ अंशांची पाचर घाला. ती पोलादाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दाबाखाली फुटते आणि पाटा हौसिंगला आवळणारा यू-बोल्ट एकदम सैल पडतो. हौसिंग पाट्याच्या वर बसत असेल तर जाड बाजू पुढे. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका लांब घ्या, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पुरतं बसलं पाहिजे. नाहीतर ब्रेक दाबताच हौसिंग सरकतं. पाचरीने कास्टर परत येतो, पण पिनियनचं (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं) तोंड खाली झुकून शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये घरघर ऐकू आली तर पाचर कमी अंशाची करा.

जाताजाता किंगपिन बेअरिंगही (चाक ज्यावर वळतं ती) बघा. चाक वर उचलून वरखाली हलवलं आणि खटखट लागली तर पाचरीनेही भरकटणं पूर्ण जाणार नाही.

लोखंडी ठोकळे ठेवून जिप्सी स्वस्तात उंच होते म्हणतात. खरं का?
– वाचक, चिपळूण

जिप्सीत हौसिंग पाट्याच्या वर बसतं. मध्ये ठोकळा घातला तर गाडी उंच होण्याऐवजी खाली बसेल. ठोकळा चालतो तो हौसिंग पाट्याखाली असेल तिथे, आणि तिथेही फक्त मागे. पुढच्या अ‍ॅक्सलला ब्रेकचा पीळ बसतो, ठोकळा निसटू शकतो.

थार (२०१५) चे टॉर्शन बार आवळून पुढून दोन इंच उचलली. आता प्रत्येक खड्ड्याला ‘ठाक’ आवाज येतो, रबरी बूट फाटला, टायर एका कडेने झिजतोय. बार कडक झाला का?
– वाचक, सावंतवाडी

टॉर्शन बार म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. बार कडक झालेला नाही. आवळल्याने त्याचा ताठरपणा बदलत नाही, फक्त आर्म (चाक धरणारी दांडी) खाली ढकलला जातो. त्यामुळे चाकाला खाली जायला जागाच उरलेली नाही. खड्डा आला की आर्म खाली जाणं रोखणाऱ्या रबरी स्टॉपवर आपटतो, तोच तुमचा ‘ठाक’. सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) सतत मोठ्या कोनात फिरतो म्हणून त्यावरचा बूट फाटला, आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) व टो दोन्ही हलल्यामुळे टायर गेला.

दोन्ही बार सारखे सैल करत उंची मूळ मापापेक्षा २० ते २५ मिमी वर आणून थांबवा. बोल्ट फिरवण्याआधी चाक हवेत घ्या, वजनाखाली फिरवला तर आटे जातात. गाडी चाकांवर उभी असताना आर्म आणि स्टॉपच्या रबरात मोकळी फट दिसली पाहिजे. मग थोडी चालवून, पुन्हा मोजून अलाइनमेंट करा. फाटका बूट आधी बदला, तांबडी माती आत गेली की जॉइंट महिन्यात वाजायला लागतो.

पाटे घरच्या मांडवाखाली बदलणार आहे. काय चुकतं, ते सांगा. आरटीओचंही सांगा.
– वाचक, गुहागर

आरटीओचं आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातली, उत्पादकाने दिलेली वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरची गाडी नूतनीकरणाला नेताना मूळ मापाच्या जवळ असलेली बरी. काही बदलण्याआधी कार्यालयात विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आता काम. दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टना पेनिट्रेटिंग तेल मारत राहा. आपल्याकडे शॅकलचा बोल्ट बुशच्या (डोळ्यात बसणाऱ्या रबरी गुंडीच्या) आतल्या नळीलाच गंजून धरतो. बाहेरून फिरतो आणि निघत काही नाही. तो ग्राइंडरने कापावा लागतो. गॅसने तापवू नका, शेजारून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते.

पाटे उतरले की कंसाजवळचं चॅसिस हातोडीने वाजवून बघा. टणटणीत आवाज आला तर ठीक. भरलेला, बद आवाज आला तर आत माती आहे. पेचकस टेकवला आणि पापुद्रा खाली पडला, तर लिफ्टचे पैसे आधी वेल्डिंगला द्या. पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करा, पेलाभर तांबडा चिखल सहज निघतो.

वजन चॅसिसखालच्या स्टँडवर घ्या, जॅकवर हौसिंग फक्त पेला. यू-बोल्ट नवेच घाला, एकदा ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. शॅकल आणि डोळ्याचे नट आधी नुसते लावून ठेवा. गाडी चाकांवर उतरवून, चार वेळा दाबून मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराच्या मापाला) आवळा. हवेत आवळलेलं रबरी बुश उभ्या गाडीत कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाट्यांना जुनं इंजिन ऑइल चोपडू नका, रबर फुगतं. ग्राफाइट ग्रीस लावा.

मग चॅसिस पुन्हा उचलून चाकं लोंबकळू द्या आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. ब्रेकची रबरी नळी ताणलेली दिसली तर लांब नळी हवी. हौसिंगची ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारी) नळी बोनेटमधे उंच नेऊन बांधा, नाहीतर तापलेलं हौसिंग वहाळाच्या थंड पाण्यात शिरताच सीलमधून पाणी ओढतं आणि तेल दुधासारखं होतं. शॉकअप निवडताना चाकं लोंबकळत असतानाच लांबी मोजा, पूर्ण उघडलेला शॉकअप त्याहून २० मिमी तरी लांब हवा. बंप स्टॉप (हौसिंग वर आपटू नये म्हणून लावलेलं रबर) टेकल्यावरही तो तेवढाच न दबलेला राहिला पाहिजे, नाहीतर ओझ्याच्या गाडीत पहिल्याच आठवड्यात त्याची सील जाते.

यू-बोल्टच्या नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर टॉर्क पाना लावा. पहिल्या वेळी रेघ थोडी सरकलेली दिसेल, पाटे एकमेकांवर बसताना तसं होतं. ५०० नंतरही सरकत असेल तर सेंटर बोल्ट बैठकीत बसलेला नाही, ती बाजू पुन्हा उघडा.