कार्ट्रिज कुठली, ते आधी वाच

प्रिय नवोदित अग्निशामकास,

फ्युएल सेल म्हणजे इंधनातून थेट वीज बनवणारं यंत्र आणि कार्ट्रिज म्हणजे त्याच्या इंधनाची डबी. अशा कार्ट्रिजची वर्दी आली तर काय करायचं, असं तू विचारलंस. वर्दी त्या नावाने येणारच नाही. ‘कॉलेजच्या लॅबमध्ये गॅस लीक’, ‘कुरियरच्या गोदामात पार्सलमधून धूर’, अशी येईल. तिथे पोहोचलास की कोणीतरी घाईघाईने सांगेल, ‘ते हायड्रोजनचं आहे.’ एवढ्यावर होज उघडायला सांगू नकोस. फ्युएल सेल बहुधा हायड्रोजनवर चालत असला, तरी कार्ट्रिजमध्ये हायड्रोजनच भरलेला असतो असं नाही. आत मिथेनॉल असू शकतं, ब्युटेन असू शकतो, फॉर्मिक आम्ल असू शकतं, किंवा पाणी लागताच हायड्रोजन सोडणारी पावडर असू शकते. एकीवर पाणी मारणं हाच इलाज असतो, तर दुसरीवर तेच पाणी आगीला खाद्य पुरवतं.

म्हणून आधी यूएन नंबर शोध, म्हणजे धोकादायक मालाला दिलेला चार आकडी क्रमांक. यूएन ३४७३ म्हणजे ज्वलनशील द्रव, बहुधा मिथेनॉल. ३४७६ म्हणजे पाण्याशी प्रतिक्रिया देणारा पदार्थ. ३४७७ म्हणजे दाहक द्रव्य, ३४७८ म्हणजे द्रवरूप ज्वलनशील वायू आणि ३४७९ म्हणजे धातूच्या हायड्राइडमध्ये साठवलेला हायड्रोजन. कार्ट्रिज यंत्रात बसवलेली असो वा यंत्रासोबत खोक्यात ठेवलेली, नंबर हेच. लांबून रंग पाहिलास तर ३४७६ चं लेबल निळं दिसेल, ३४७७ चं काळं-पांढरं आणि बाकी तिन्हींचं लाल. खरी अडचण छोट्या खोक्यांची. मर्यादित प्रमाणातल्या मालाच्या खोक्यावर वरखाली काळा आणि मधे पांढरा असा चौकोन कोनावर उभा छापतात, त्यावर यूएन नंबर नसला तरी चालतो. असं खोकं दिसलं तर दुर्बिणीतून कार्ट्रिजवरचा मजकूर वाच, मालकाकडून सेफ्टी डेटा शीट मागव. तोवर ती निळ्या लेबलाची आहे असंच धरून चाल आणि पाणी लांब ठेव. लोक घरात अडकलेले असतील तर त्यांना आधी बाहेर काढायचं, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीचं अंतर वायूसाठी सगळीकडून १०० मीटर, द्रवासाठी ५० आणि घन पदार्थासाठी २५. खिशात मावणाऱ्या एका कार्ट्रिजसाठी १०० मीटर तुला जास्त वाटतील. पण गोदामात त्या किती आहेत हे कळेपर्यंत अंतर कमी करू नकोस. कळल्यावर कमी करता येतं. विमानतळावर अंदाज बांधणं त्यातल्या त्यात सोपं: प्रवाशाच्या हायड्राइड कार्ट्रिजची धारणक्षमता १२० मिलिलिटरपर्यंत, द्रवाची २०० मिलिलिटरपर्यंत आणि जादा कार्ट्रिज दोनच, अशी विमानवाहतुकीची मर्यादा आहे.

आता हायड्राइडकडे, म्हणजे ३४७९ कडे येऊ. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. आत मिश्रधातूची भुकटी असते, लँथॅनम-निकेलसारखी, आणि हायड्रोजन तिच्या कणांत शोषलेला असतो. तो बाहेर पडताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे गळणारी कार्ट्रिज गार पडते, कधी तिच्यावर दवही धरतं. गार पडली की गळतीचा वेग आपोआप मंदावतो आणि बघणारा म्हणतो, ‘संपली.’ संपलेली नसते. कोणी ती उचलून कपाटात ठेवतो, तासाभरात ती खोलीच्या तापमानाला येते आणि पुन्हा गळू लागते. अंगठ्याएवढ्या नळीत १० लिटर हायड्रोजन मावतो असं धर. हवेत त्याची पेट घेण्याची खालची मर्यादा ४ टक्के, म्हणजे २५० लिटर हवा पेटण्याजोगी करायला तो पुरे. बंद कपाटात तेवढी हवा सहज असते. वरची मर्यादा ७५ टक्के, आणि पेटायला लागणारी ऊर्जा सुमारे ०.०२ मिलिज्यूल. नायलॉनच्या कपड्यातून उडणारी ठिणगी याहून कितीतरी मोठी असते. म्हणून गळकी कार्ट्रिज प्लास्टिकच्या पिशवीत किंवा हवाबंद डब्यात घालायची नाही. बाहेर, सावलीत, वाऱ्यावर, माणसांपासून दूर ठेवायची आणि किमान २४ तास तिच्यावर नजर ठेवायची.

उलट ती तापली तर दाब झपाट्याने वाढतो. लँथॅनम-निकेलच्या भुकटीत २५ अंशांवर जो दाब असतो तो ७५ अंशांवर सुमारे सहापट होतो. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली कार्ट्रिज ही म्हणूनच गांभीर्याने घ्यायची वर्दी आहे. शेजारी आग असेल आणि कार्ट्रिज शाबूत असेल, तर आडोशामागून फॉगने, म्हणजे पाण्याच्या बारीक फवाऱ्याने, तिला थंड करत राहा. मात्र कवच फुटून भुकटी बाहेर आली असेल तर पाणी थांबव. सक्रिय झालेली ही भुकटी हवेत आपणहून पेटू शकते. तिच्यावर डी वर्गाची (धातूंच्या आगीसाठीची) पावडर किंवा कोरडी वाळू टाक. सीओटू वापरू नकोस.

झडपेतून निघणारा हायड्रोजन पेटला असेल तर ज्योत विझवायची नाही, गळती बंद करता येत नसेल तोवर. ज्योत विझली तरी वायू येतच राहतो, छताखाली साचतो आणि जवळच्या तापलेल्या पत्र्यावर एकदम भडकतो. ती जळू दे, आजूबाजूचं वाचव. ज्योत दिवसा दिसत नाही आणि तिची धगही लांबून फारशी जाणवत नाही, त्यामुळे माणूस आत शिरल्यावरच त्याला कळतं. थर्मल कॅमेरा वापर. तो नसेल तर लांब दांड्याचा झाडू पुढे धरून सावकाश जा. झाडूचं टोक पेटलं की तिथेच थांब.

मीटरबद्दल नीट वाच. हायड्रोजनला वास नसतो. एलईएल, म्हणजे पेट घेण्याची खालची मर्यादा, दाखवणारा मीटर इन्फ्रारेड सेन्सरचा असेल तर हायड्रोजन त्याला दिसतच नाही, आकडा शून्यच राहतो. कॅटॅलिटिक बीडचा, म्हणजे तापलेल्या मण्यावर वायू जाळून मोजणारा मीटर त्याला ओळखतो, पण तो बहुधा मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असतो, तेव्हा उत्पादकाचा दुरुस्ती गुणक हाताशी ठेव. तुमच्या चार वायूंच्या मीटरवर कुठे धूर नसताना सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा चढू लागला तर हायड्रोजनची शंका घे, कारण सीओचा सेन्सर बऱ्याचदा हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. एलईएलच्या १० टक्क्यांवर, म्हणजे हवेत ०.४ टक्क्यावर, जवानांना मागे घे. मोजताना हात वर कर: फॉल्स सीलिंग, तुळयांच्या मधल्या जागा, कपाटाचा वरचा कप्पा. वरच्या खिडक्या उघड. पंखा, एक्झॉस्ट, दिवे मात्र जसे असतील तसेच राहू देत. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. ३४७८ चा ब्युटेन याच्या नेमका उलट, हवेपेक्षा दुप्पट जड. तो गटारात, तळघरात शोध.

निळं लेबल असेल तर आत बहुतेक सोडियम बोरोहायड्राइड. एक ग्रॅम पावडर पाणी मिळालं की साधारण अडीच लिटर हायड्रोजन देते आणि मागे तीव्र अल्कली द्रावण उरतं. पाणी नाही, फोम नाही. सोडा ॲश, कोरडा चुना, कोरडी वाळू. कोरडी हा शब्द कोकणात जून ते सप्टेंबर फार महत्त्वाचा. भिंतीवर टांगलेल्या लाल बादलीत हात घालून बघ, वाळूची मूठ वळली तर ती बादली या कामाची नाही. झाकणाचा डबा बंबावर ठेव. आग विझवायच्या नेहमीच्या एबीसी पावडरमधला अमोनियम फॉस्फेट आम्लधर्मी असतो आणि आम्लाने बोरोहायड्राइड जोरात फसफसतो, म्हणून माझी पसंती सोडा ॲशला. कोणाच्या अंगावर पावडर पडली असेल तर आधी कोरड्या ब्रशने झटकून काढ, मगच भरपूर पाण्याने धू. डोळ्यांत गेली असेल तर लगेच आणि किमान १५ ते २० मिनिटं धू. ३४७७ चं फॉर्मिक आम्ल अंगावर पडलं तरी लगेच भरपूर पाण्याने धू. आम्ल आहे म्हणून माणसावर सोडा ओतायचा नाही. गोळा केलेल्या ओलसर बोरोहायड्राइडच्या डब्याचं झाकण घट्ट लावू नकोस.

मिथेनॉलचं काम तुलनेने ओळखीचं. अल्कोहोलला टिकणारा फोम किंवा भरपूर फॉग. साधा फोम त्यावर मोडतो. याचीही ज्योत फिकट निळी, उन्हात न दिसणारी. ते कातडीतून शरीरात जातं आणि लक्षणं १२ ते २४ तास उशिरा दिसू शकतात, म्हणून ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही १०८ ने दवाखान्यात पाठव आणि चिठ्ठीवर ‘मिथेनॉल’ असं स्पष्ट लिही. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूतून शंभराहून अधिक जीव याच द्रवाने घेतले.

एक गुंता राहिला. अशा यंत्रांत बहुधा लिथियम-आयन बॅटरीही असते. बॅटरी पेटली की भरपूर पाणी हवं, आणि शेजारी निळ्या लेबलाची कार्ट्रिज असेल तर पाणी नको. सुरक्षितपणे जमलं तर लांब चिमट्याने कार्ट्रिज बाजूला काढ, मग बॅटरीवर पाणी घे. नाही जमलं तर शेजारचा माल हलव, बीए सेट (श्वासाच्या हवेचा संच) चढवून वारा पाठीवर घेऊन उभे राहा आणि यंत्र जळू दे. एका यंत्रासाठी जवानाचे हात पोळवण्यात काही अर्थ नाही.

काम संपल्यावर लेबलाचा फोटो, नंबर, कार्ट्रिजची संख्या आणि किती भरलेल्या होत्या हे पंचनाम्याला जोड. उरलेल्या कार्ट्रिज भंगारवाल्याकडे जाता कामा नयेत. तिथे त्यांच्यावर कटर चालतो. पुरवठादाराला परत न्यायला लाव, आणि तो नेईपर्यंत त्यांच्याजवळ माणूस ठेव.

कळावे, लोभ असावा.