खांदा निखळतो तेव्हा

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा, गावच्या संघाचा गोलकीपर. वर्षभरात उजवा खांदा दोनदा निखळला. बसवून आठवडाभर हात झोळीत ठेवला की बरा होतो. आता खेळायला सोडू का? (पालक, डिचोली)

उत्तर : एवढ्यात नको. दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या वाटीतून बहुधा पुढच्या बाजूला निसटतो आणि जाताना वाटीच्या काठाची मऊ कड, म्हणजे लेब्रम, उचकटतो. ती बरेचदा मूळ जागी नीट चिकटत नाही. म्हणूनच विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा.

तपासताना मी मुलाला उताणं झोपवून हात बाजूला ९० अंशांत घेतो आणि हळूहळू बाहेर वळवतो. ‘सुटणार, सुटणार’ म्हणत तो हात आखडून घेतो. मग गोळा पुढून तळव्याने दाबून धरला की तोच हात निमूट वळवू देतो. निम्मं निदान इथंच होतं. लोक मात्र आधी एमआरआयची फाईल पुढे करतात! एमआरआयवर कड दिसते. वाटीचं हाड किती झिजलं ते सीटी स्कॅनवर नेमकं कळतं. हाड शाबूत असेल तर दुर्बिणीतून कड शिवता येते. बरंच झिजलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. शेजारच्या कोरॅकॉइड हाडाचा तुकडा वाटीच्या पुढे स्क्रूने बसवतात. ही लाटार्जे शस्त्रक्रिया. कुठलीही केली तरी गोलपोस्ट साधारण सहा महिने विसरायचा.

प्रश्न : बाबा पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे), वय ५४. माडावरून घसरले, खांदा निखळला. बसवून महिना झाला, तरी हात वर जात नाही. (वाळपई)

उत्तर : चाळिशीनंतर खांदा निखळताना बरेचदा रोटेटर कफची, म्हणजे खांद्याच्या गोळ्याभोवतीच्या स्नायूंची, कंडरा फाटते, आणि ‘खांदा जखडला असेल’ म्हणून ती फाट लक्षात न येता राहून जाते. लवकर सोनोग्राफी किंवा एमआरआय करा. जुनी फाट शिवणं अवघड होत जातं. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना सांगा, तिथली नस दुखावलेली असू शकते.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, पोहते. मार लागलेला नाही, पण दोन्ही खांदे सरकतात. (फोंडा)

उत्तर : अंगच लवचिक असेल. शस्त्रक्रियेची घाई नको. फिजिओथेरपिस्टकडून पाठीच्या फऱ्याचे नि कफचे व्यायाम शिकून निदान सहा महिने नेटाने करा. मैत्रिणींना खांदा सरकवून दाखवत असेल, तर ते आधी बंद.